चौथी कॉपी

"विचारलंस का त्याला? काचेत लावायच्या आधी विचारावं रे, विदू."

नानांचा तो आवाज विद्याधरला कितीतरी वर्षांनी ऐकू आला. नाना, त्याचे वडील, गेले आणि घाटकोपरचा फोटो स्टुडिओ त्याच्याकडे आला. आवाज मात्र अंधाऱ्या खोलीत कुठेतरी टांगलेला राहिला असावा. आज तो खाली उतरला, कारण बाहेर शोकेसच्या काचेवर एक जाड बोट टेकलं होतं, आणि बोटापलीकडे, काचेत लावलेल्या फोटोत, गुणाजीचा चेहरा होता.

बोट मार्तंडचं. मागच्या चाळीतला गिरणीकामगार, जानेवारीपासून सगळ्यांसारखा संपावर. दिवाळी कोरडी गेली तरी चाळ संपापासून हलली नव्हती, आणि ती हलू नये म्हणून मार्तंड दारोदार फिरत होता. त्याच्यामागे लवू उभा होता. गुणाजीचा गाववाला, त्याच्याच खोलीत राहणारा.

आत येऊन मार्तंडने एका दमात विचारलं, गुणाजीने फोटो कधी काढला, किती काढले, कशाला काढले.

विद्याधरला सगळं माहीत होतं. गेल्या आठवड्यात उसना इस्त्रीचा शर्ट घालून गुणाजी दिव्यांसमोर बसला, तेव्हा आपणहून बोलला होता. गिरणीच्या मागच्या दाराने माणसं आत घेतायत, नव्या पासाला तीन फोटो लागतात, कुणाला सांगू नका, पोरांची शपथ आहे. विद्याधरने मान डोलावली होती. आणि मग रोजच्या सवयीने एका कागदावर चार चेहरे छापले, तीन पाकिटात घातले, उरलेला चौथा काचेत चिकटवला. चौथी कॉपी काचेत, हा स्टुडिओचा रिवाजच होता. त्यातून गुणाजीच्या बसलेल्या गालांवर उजेड कसा उतरला होता, कोनाड्यातल्या पणतीचा भिंतीवर उतरावा तसा. विद्याधर स्वतःच्या हातावर खूश झाला होता. शपथ कुठल्या कुठे राहिली.

"लोक फोटो कशाला काढतात ते मी विचारत नाही," तो म्हणाला.

मार्तंड लवूकडे वळला. "तुझ्या खोलीतलो माणूस. तुका कायच ठावक नाय?"

"नाय," लवू म्हणाला. नजर फरशीवर.

मग निगेटिव्ह द्या, मार्तंड म्हणाला. संध्याकाळी चाळीच्या चौकात सभा होती, तिथे तो चेहरा सगळ्यांना दाखवायचा होता. पुढे काय होतं ते विद्याधरने पाहिलं होतं. मागे पलीकडच्या चाळीतल्या, कामावर गेलेल्या अशाच एकाचं बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर आलं होतं, आणि त्याची म्हातारी पिठाच्या डब्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होती.

"निगेटिव्ह स्टुडिओची असते. पाकिटावर छापलंय तसं. ज्याचा फोटो, त्याच्याशिवाय दुसऱ्याला देत नाही मी."

"मग सगळ्या घाटकोपरला फुकट दाखवतोस तो कसा?" मार्तंडच्या तोंडचं 'तुम्ही' गळून पडलं होतं.

विद्याधरच्या कानशिलांवर ऊन चढल्यासारखं झालं. तो बाहेर गेला, शोकेस उघडली आणि नखाने फोटो सोडवू लागला. डिंकाने तो घट्ट धरला होता. फोटो निघाला, पण एक कान काचेवरच राहिला. मार्तंडने तळहात पुढे केला. विद्याधरने फोटोचे तुकडे केले आणि खिशात टाकले.

"माझा होता. फाडला मी."

मार्तंड ओरडला नाही. दुसऱ्याच्या दुकानात एकट्याने हात घालणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. चार माणसं घेऊन येतो आणि सगळ्यांसमोर आतली खोली उघडतो, एवढंच म्हणाला. मग काच कुणाची फुटली ते विचारायचं नाही. लवूला त्याने दारात उभं केलं. हा आत गेला तर निगेटिव्ह जाळील, त्याला हलू द्यायचं नाही, असं बजावलं. आणि तो चाळीच्या बोळात शिरला.

लवूने शटर अर्धं खाली ओढलं.

विद्याधरचा हात कॅमेऱ्याच्या तीनपायी स्टँडकडे गेला. मारायला म्हणून की आधाराला म्हणून, त्याचं त्यालाच कळलं नाही. लवू मात्र दारातून बाजूला झाला आणि मानेनेच आतल्या खोलीकडे खूण केली. जा, काय जाळायचं ते जाळा.

विद्याधर आत गेला. निगेटिव्हचं पाकीट सापडेना, मग सापडलं. काडी विझली, दुसरी ओढली. पाकिटातली फिल्म वाकडी होत, फुगत काळी पडली, आणि खोलीभर उग्र वास पसरला. तो डोळे पुसत बाहेर आला.

लवू पडद्यासमोरच्या स्टुलावर बसला होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, केस ओल्या तळव्याने बसवलेले. हात मांड्यांवर ठेवले होते. बोळातून माणसांचा आवाज येऊ लागला होता, अजून लांब.

"गुणाजीक मीच धाडलंय," तो म्हणाला. "आधी तू जा, घेतत काय बघ, असा मीच सांगितलंय त्येका. आता पासासाठी माझो फोटो काढा. मार्तंड येवच्या आधी."