कपाळावरची वाकडी रेघ

दादांनी ऐन पंचविशीत म्हाताऱ्यांच्या भूमिका करायला घेतल्या. नाटक असो की सिनेमा, त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या काढायच्या त्या रंगभूषा करणाऱ्या ताईंनीच. एकदा ताईंचा हात घसरला आणि कपाळावरची रेघ वाकडी गेली.

"असू दे गं," दादा हसले, "म्हाताऱ्याच्या कपाळाला कोण फूटपट्टी लावतंय!"

पन्नास वर्षांनी ताई रंग घेऊन त्यांच्यापुढे बसल्या आणि बघतच राहिल्या. त्यांनी जिथे जिथे काढली होती, तिथेच प्रत्येक सुरकुती उमटली होती. ती वाकडी रेघसुद्धा. ताईंना हात जोडावेसे वाटले.

"दादा, आता मी रंगवू तरी काय?"

"आज मरायचंय ना मला नाटकात! ओठ निळे कर."

सवयीने ताईंनी ब्रश फिरवला, आणि त्यांची नजर पुन्हा त्या वाकड्या रेघेवर गेली. घाईघाईने त्यांनी कापसाने ते ओठ पुसले, पुन्हा पुसले.

ओठ निळेच होते. कापूस पांढराशुभ्र.