वरदच्या नावाचं गाणं

"ठेवू का रे फोन? घाट लागलाय," मागच्या सीटवर बसलेल्या विजयाबाई म्हणाल्या. "हो, राजूरला पेढे घेतलेत. बाबांना एकही दिलेला नाही, सगळे तुझेच. भात गरम करून खा, गारढोण खाऊ नकोस."

गाडी चालवता चालवता चांदभाईला हसू आलं. नगर सोडल्यापासून बाईंचं हेच चाललं होतं. वरद उठला का, वरद जेवला का. पोरगा कॉलेजात शिकणारा, चांगला घोडा झालेला, आणि ही माउली अजून घास भरवतेय! आपल्या फराजला त्याची आई मुबारकबी असंच छळते. नागापूरला कारखान्यात मशिनीवर उभा असतो बिचारा, तरी हिचा फोन सुरूच.

त्यालाही घरी कळवायचं होतं. पण मोबाईलला रेंज नव्हती. बाईंचं कार्ड चांगलं दिसतंय, असं मनाशी म्हणून त्यानं फोन परत खिशात टाकला.

"साहेब, तुमी पण बोला की लेकाशी," तो म्हणाला.

"नको," सुमंतराव म्हणाले आणि काचेबाहेर बघत राहिले.

काय बाप आहे! चांदभाई मनातल्या मनात चरफडला. भांडण असेल बापलेकाचं, असेना का. म्हणून आवाजही ऐकायचा नाही?

बाहेर बघण्यासारखं होतं म्हणा. भंडारदऱ्याचं पाणी काठोकाठ, उतारावर सोनकीची पिवळीधमक फुलं, कळसूबाईच्या डोक्यावर ढग. गाडी ठरवताना सुमंतराव एवढंच म्हणाले होते, डोंगरातलं जुनं गाणं ऐकायचंय, रतनबाईंचं.

रतनबाईला चांदभाई चांगला ओळखून होता. मागे कॅमेरेवाल्यांना घेऊन आला, तेव्हा तिनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. तिचं गाणं मयताचं. मेलेल्याचं नाव घेऊन त्याला घरातून निरोप द्यायचा. मग तो पुढे जातो आणि मागच्यांचा जीवही सुटतो, असं वाडीतले मानतात. हौसेखातर ते म्हणायचं नाही म्हणजे नाही.

"म्हातारी लई कडक हाय, साहेब. उगा हेलपाटा व्हईल," त्यानं पुन्हा बजावलं.

"बघू," साहेब म्हणाले.

वाडीत पोचल्यावर रतनबाईनं त्यांना पडवीत घोंगडीवर बसवलं, चहा दिला. मग सरळ विचारलं, "कोन गेलंय?"

"मी सांगतो," सुमंतराव म्हणाले.

"तुमी नगं. आई बसलीय न्हवं? आईच्या तोंडून आल्याबिगर म्या सूर लावत न्हाई."

विजयाबाई पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. सुमंतरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "म्हण, विजू. एकदाच म्हण."

"वरद," त्या अखेर पुटपुटल्या. "माझा मुलगा. गेला... गेला तो."

उंबऱ्याशी बसलेल्या चांदभाईनं चहा खाली ठेवला. या अल्लाह! एका गाण्यापायी? आत्ता घाटात पेढ्यांचं बोलत होती ती आई! आणि हा माणूस पाठीवर हात ठेवून तिच्याकडून वदवून घेतोय! शिकलीसवरलेली माणसं, पण जिभेला काही हाड?

रतनबाईनं डोळे मिटले.

*उठ रं वरदा, उंबरा सोड,*
*मायेची गाठ हळूच तोड...*

विजयाबाईंनी हंबरडा फोडला. त्या घोंगडीवर कपाळ टेकून रडत होत्या आणि रतनबाई गातच होती. प्रत्येक ओळीला तेच नाव. चांदभाईला तिथे फराजचं नाव ऐकू यायला लागलं. घरात जेवत बसलेल्या पोराला ही माणसं जिवंतपणी वाटेला लावत होती. हे बघत बसणंही पापच की!

"थांबवा, रतनबाई!" तो ताडकन उठला. "खोटं हाय सगळं. पोरगा जिवंत हाय! वाटेत बोलल्या त्याच्याशी. म्या माझ्या कानानं ऐकलं."

गाणं तुटलं. रतनबाई उभी राहिली. "जित्या लेकराचं नाव माझ्या तोंडी घातलं व्हय? उठा, चालते व्हा! मोडलेलं गानं त्या नावानं पुन्यांदा म्हनत न्हाईत आमी. कंदीच न्हाई."

विजयाबाईंचं रडं थांबलं होतं. त्यांनी मान वर करून चांदभाईकडे पाहिलं.

"तुम्ही ऐकलंत? खरंच?"

"व्हय तर. शपथेवर सांगतो."

बाईंचा चेहरा असा उजळला की तो दचकलाच. "अहो, बघा! चांदभाई काय म्हणतात बघा! मी सांगत नव्हते तुम्हाला? चला, उठा लवकर. घरी एकटाच आहे तो." पदर सावरत त्या गाडीकडे धावल्या.

सुमंतराव घोंगडीवरून हलले नाहीत.

"शोभतं का साहेब हे?" चांदभाई कडाडला. "आईच्या तोंडून असलं वदवायचं?"

"वर्ष झालं, चांदभाई," सुमंतराव म्हणाले. "आज पहिल्यांदा तिच्या तोंडून आलं होतं. अहो, या हातांनी अग्नी दिलाय मी त्याला."