विचार न तिले, आवडेल का

“‘आवडते’ झालं. आज ‘आवडेल’ शिकू,” पायलमॅडम म्हणाल्या, तशा मागच्या बाकावरच्या अंजनाबाई सावरून बसल्या. याच धड्यासाठी तर त्या नागपूरच्या एका टोकाच्या बेसाहून पार दुसऱ्या टोकाच्या जरीपटक्यापर्यंत बस बदलून स्पॅनिशच्या क्लासला येत होत्या.

वर्गातली बाकीची पोरं नोकरीच्या मागे. अंजनाबाईंना नोकरी काय करायची? त्यांना नात हवी होती. मुलगा प्रशिक स्पेनमध्ये, बायको तिकडचीच, आणि सहा वर्षांच्या नायराला मराठीचा गंध नाही. नवरा गेल्यापासून इथं घर नुसतं खायला उठायचं. दर रविवारी फोनवर नात दिसायची, पण बोलणं सगळं प्रशिकच्या मार्फत.

“विचार न तिले, सुट्टीत इकडं आवडेल का?” त्या दर वेळी म्हणायच्या.

प्रशिक तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारायचा. पोरगी काहीतरी बोलायची.

“नाही आवडणार म्हणते, आई. तिकडं गरमी लय आहे न.”

एवढ्याशा लेकरावर रागवायचं तरी कसं? पण जीव तुटायचा. आपण स्वतः बोललो तर पोरीचं मन वळेल, एवढीच आशा होती. म्हणून हा खटाटोप, तोही प्रशिकला न सांगता.

“आपल्यासारखंच आहे, काकू,” मॅडम म्हणाल्या. “मे गुस्तारा, मले आवडेल. ते गुस्तारा, तुले आवडेल.”

“अगं बाई, हे तं सोपं आहे वं!” अंजनाबाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला.

रविवारी फोन आला. बोलता बोलता तिकडे दारावरची बेल वाजली आणि प्रशिक उठून गेला. पडद्यावर नायरा एकटीच उरली. अंजनाबाईंनी फोन जवळ ओढला.

“नायरा, ते गुस्तारा नागपूर?”

पोरगी आ वासून बघत राहिली. मग जागेवरच उड्या मारायला लागली. “सी, आबुएला! मुचो, मुचो!”

हो, आजी. खूप खूप आवडेल! अंजनाबाईंना रडू आवरेना. मग येत काहून नाहीस वं, हे त्यांनी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये कसंबसं विचारलं.

नायराने मागे वळून दाराकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरून, आजीला समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारत ती तिच्या भाषेत म्हणाली,

“पापा सांगतो, मी आलेली तुला नाही आवडणार.”