विचारून चालायची वाट

तारेच्या नव्या कुंपणाशी सकाळी दहाला पाच माणसं, एक कुत्रा आणि एक जाडजूड फाईल येऊन थांबली. फाईल जेफ्री बोनिफेसची. गावाच्या पायवाट समितीचा तो सेक्रेटरी, आणि गेले आठ महिने त्याला दुसरा विषय नव्हता. बायको बहिणीकडे राहायला गेली, तेही म्हणे त्याला तीन दिवसांनी कळलं.

कुंपणापलीकडे वाट दिसत होती. खडूच्या टेकडीवरून पांढरी रेघ ओढावी तशी ती खाली खाडीपर्यंत जाते. शेत विकत घेतलेल्या नव्या मालकाने मार्चमध्ये ती अडवली. आता खाडीवर जायचं तर मोठ्या रस्त्याने चार मैलांचा वळसा, आणि तिथे ट्रक असे अंगावर येतात की चालणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं.

कायदा तसा सोपा. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने उघडपणे, कुणाचीही परवानगी न घेता चालले, तर ती वाट गावाची. हे तपासायला जिल्हा कार्यालयातून रुथ आली होती, चिखलाने माखलेले बूट घालून. नव्या मालकाचे एक वकीलही आले होते, त्यांचे बूट चकचकीत. साक्षीदार मात्र एकच उरली होती, एनिड पेनफोल्ड. बाकीचे कुणी वारले, कुणी लेकीकडे राहायला गेले, आणि उरलेलं गाव दहा-बारा वर्षांत इथे येऊन राहिलेलं. एनिडचं वय एकोणऐंशी. चार मैलांचा वळसा तिला झेपणार नव्हता. वाट गेली तर तिची खाडीही गेली, हे तिलाही माहीत होतं आणि तिच्या कुत्र्यालाही.

पाचवा माणूस न बोलावता आला होता. सिरिल टपन, शेताचा जुना मालक. तो काय सांगून बसेल याची जेफ्रीला धास्ती वाटली. पण सिरिल हवापाण्याखेरीज कशावरच बोलत नाही म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली.

रुथने विचारलं, किती वर्षं चालताय. एनिडने ताठ उभं राहून सांगितलं, बेचाळीस, रोज, आणि या वाटेवर तिची चार कुत्री झाली. जेफ्रीने फाईल छातीशी धरली. कधी कुणी अडवलं? कधीच नाही. लपूनछपून जायचात? छे, लाल कोट घालून.

"आणि परवानगी?" रुथने शेवटचा रकाना वाचला. "कधी घेतली होतीत?"

"म्हणजे काय, रोज," एनिड म्हणाली. "दुसऱ्याच्या शेतातून न विचारता जायला मी काय रानडुक्कर आहे? इथे थांबायचे, 'जाऊ का, मिस्टर टपन?' विचारायचे, आणि मगच पाय पुढे टाकायचे."

वकिलांनी पेन काढलं. जेफ्रीने फाईलमधून तिच्या फॉर्मची प्रत काढली. तो रकाना त्याने स्वतःच 'नाही' असा भरला होता, घाईत, आणि एनिडने न वाचता सही केली होती. आमच्या गावात माणूस स्वतःच्या बागेत शिरतानासुद्धा 'माफ करा' म्हणतो, हे एवढी वर्षं इथे काढूनही त्याला सुचलं नाही. त्याने अडखळत एनिडला समजावलं की विचारून गेलं तर ते मोजत नाहीत.

एनिडचा चेहरा उतरला. "म्हणजे मी उद्धटपणे जायला हवं होतं?" तिने हळूच विचारलं. कुत्रा वाटेकडे ओढत होता, त्याला तिने जवळ घेतलं.

वकील आता चांगलेच खुशीत आले. त्यांनी सिरिलकडे वळून, निव्वळ नोंदीसाठी, परवानगी दिल्याचं सांगायला सांगितलं. सिरिलने आधी आभाळ बघितलं, मग वारा.

"नाही दिली."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"अहो, पण रोज टोपी उचलायचात की," एनिड म्हणाली.

"टोपी मी गायींनाही उचलायचो, मिस पेनफोल्ड."

"आणि काहीतरी म्हणायचात."

"पाऊस येईलसं दिसतंय, असं म्हणायचो. नाहीतर वारा फिरलाय."

एनिडला आठवलं, आणि खरंच तसंच होतं. बेचाळीस वर्षं पाऊस, वारा, धुकं, दव. त्यावर ती काहीतरी म्हणायची, मग तो काहीतरी म्हणायचा, थंडीत थर्मासमधला चहा व्हायचा, आणि मग ती निघायची. 'हो' कधी आलंच नव्हतं.

वकील चिडले. त्यांनी विचारलं की मनातून जर हरकत नव्हती, तर साधं 'हो' म्हणायला काय झालं होतं.

सिरिलचे कान लाल झाले. त्याने टोपी काढली, परत घातली.

"एकदा हो म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर दुसऱ्या दिवशी मिस पेनफोल्ड विचारायला कशाला थांबल्या असत्या?"

रुथने शेवटच्या रकान्यात 'मागितली, पण कधीच मिळाली नाही' असं लिहिलं. मग तिने फॉर्म मिटला आणि वकिलांना कुंपणातल्या फाटकाचं कुलूप काढायला सांगितलं. वाट मोजायची होती, आणि नियमाप्रमाणे साक्षीदाराने पुढे चालायचं होतं.

फाटक उघडलं. एनिड पुढे झाली, एक पाय उचलला, आणि बेचाळीस वर्षांच्या सवयीने थांबली. सिरिलकडे वळून तिने तोंड उघडलं. जेफ्रीने डोळे गच्च मिटून घेतले.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"पाऊस येईलसं दिसतंय," एनिड म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.