आवाज नसलेलं भजन

"मोबाइल ठणठणीत हाय, मावशी," जुबेर म्हणाला. "आवाज तुमच्या भजनाचाच गेला."

मूर्तिजापूरच्या स्टेशनाजवळ जुबेरचं मोबाइलचं दुकान. मनकर्णा तिथल्या स्टुलावर ताठ बसली होती. सकाळी देवळात चार बायांना आपलं भजन दाखवायला तिनं मोबाइल काढला, तर पडद्यावरची मनकर्णा नुसतीच तोंड हलवत राहिली. बाया पदराआड हसल्या. मनकर्णेनं तिथल्या तिथं चौघींचे बाप काढले आणि सरळ गाडी धरली.

"गेला म्हंजे कुठी गेला? तूच तं नेटवर चढवलं होतं."

"चढवलं मीच. पण मागचं संगीत पिक्चरच्या गाण्याचं हाय ना. ते एका कंपनीच्या मालकीचं. कंपनीनं हरकत घेतली, साइटवाल्यायनं आवाज बंद केला. चित्र तेवढं ठेवलं."

"संगीत कंपनीचं असंन. गळा तं माहा होता! तो काहून बंद केला?"

"दोन्ही एकात मिसळलं, मावशी. दुधातून पाणी कसं काढाचं?"

सिनेमाच्या चालीवर भजन बांधायची रीत वऱ्हाडात जुनी. गावच्या भजनी मंडळातली निम्मी भजनं पेटीवाल्या देवमननं तशीच बांधली होती. पेटी त्याची, चाल सिनेमाची, शब्द देवाचे. कधी कोणी विचारायला आलं नाही. मग एका सालात बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि देवमन पुण्याला वॉचमन होऊन गेला. ढोलकीवाला त्याच्याही आधी सुरतेला. दोघी म्हाताऱ्या लेकांमागं अमरावतीला गेल्या. मंडळ म्हणजे एकटी मनकर्णा उरली, आणि मी एकटी आहे असं कोणापाशी म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं जुबेरकडून मोबाइलवर तयार संगीत वाजवून घेतलं, टाळ हातात घेतले, जुनंच भजन त्या संगीतावर म्हटलं आणि त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकायला लावला. पुण्यातच राहणाऱ्या आपल्या लेकासाठी, देवीदाससाठी. दोन दिवाळ्या तो गावी आला नव्हता. तो येत नाही तर आपला आवाज तरी त्याच्या घरात जावा, एवढंच तिला हवं होतं.

"काढून टाकू का?" जुबेरनं विचारलं. "मुकं भजन ठेवून काय फायदा? बिनमालकीचं संगीत देतो, त्याच्यावर पुन्हा म्हणा."

"खबरदार हात लावशीन तं! माहा देवीदास रोज सकाळी ऐकते ते. कालच फोनवर म्हणे, आई, तुया भजनाशिवाय आमच्या इथं चहाच होत नाई."

जुबेर नुसतं पडद्यावर बोट फिरवत राहिला.

"मूग गिळून काहून बसला?"

"मावशी... टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद झाला आवाज. मले ईमेल आला होता, मी पाहिला नाई. महिना होऊन गेला."

मनकर्णेनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. ते संपल्यावर तिनं मोबाइलकडे बोट दाखवलं.

"खाली लोक लिहितेत म्हणे काई काई. वाच."

"राहू द्या ना, मावशी."

"वाच म्हणतो ना मी!"

जुबेर वाचू लागला. पुतण्यानं लिहिलं होतं, 'काय गोड गळा, काकू!' नागपूरच्या व्याह्यांनी लिहिलं होतं, 'ऐकून मंत्रमुग्ध झालो.' मग देवीदासचं, याच आठवड्यातलं. 'आई, तुझा आवाज अजून तसाच आहे. रोज ऐकतो.' हे जुबेरनं घाईघाईत वाचून उरकलं.

मनकर्णा भिंतीवर टांगलेल्या रंगीत कव्हरांकडे पाहत राहिली. एरवी तिला शिवी शोधावी लागत नसे. आज लेकासाठी एकही सापडेना.

"झालं?"

"एक राहिलं. सगळ्यात खाली. 'सुभद्रा, भातकुली' असं नाव हाय."

सुभद्रा तिची धाकटी जाऊ. मनकर्णेनं कडवं म्हणून थांबायचं आणि सुभद्रेनं मागून झील धरायची, म्हणजे ध्रुपद उचलून म्हणायचं, अशी दोघींची उमर गेली. मग विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघींत वाजलं. वावराचे हिस्से पडले. सुभद्रा लेकीकडे भातकुलीला गेली ती गेलीच. मनकर्णेनंही पुन्हा तिचं नाव काढलं नाही. झील धरणारी गेली तरी कडव्यानंतर थांबायची खोड मात्र मोडली नाही.

"तिचं काय वाचाचं? तिले तं मजाच वाटली असंन. दात काढले असतीन बसून."

जुबेरनं एक एक शब्द सावकाश वाचला.

"'नातीकून लिहून घेऊन राहिलो. आवाज येत नाई, बाई. मोबाइल फिरवून फिरवून पाहिला. पण तू कडवं म्हणून थांबते ते दिसते. तवा मी इकून झील धरतो.'"

मनकर्णा उठली. चपलेत पाय घालायला तिला जरा वेळ लागला.

"काढून टाक ते मुकं भजन," ती म्हणाली. "अन् भातकुलीची गाडी कुठून भेटते, ते सांग."