कुंडी क्रमांक दोन

प्रयोगाच्या वहीप्रमाणे कुंडी क्रमांक दोनला अकरा दिवस पाणी दिलेले नव्हते. अकराव्या दिवशी सकाळी तिच्यातल्या मिरचीला सहा फुले होती.

कुंडी क्रमांक एकलाही अकरा दिवस पाणी दिलेले नव्हते. तिच्या मातीत मात्र पाणी धरून ठेवणारी पावडर मिसळलेली होती. म्हणजे तग धरायचा तो तिने. तिच्या रोपाने मान टाकली होती.

चौसाळ्याच्या शाळेत चौतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेले पंडितराव ओसरीवर खुर्चीत बसून दोन्ही रोपांकडे आळीपाळीने पाहत होते. माती एकाच ढिगातली, रोपे एकाच वाफ्यातली. एक कुंडी दाराच्या त्या बाजूला, दुसरी या बाजूला, त्यांच्या खुर्चीशेजारी. ऊन दोघींना सारखे.

निकालाची घाई गावच्या दूध सोसायटीला होती. पाण्याचा टँकर दर आठव्या दिवशी येत होता, वैरणीवाचून दूध आटले होते, आणि सभासदांच्या परसातली वांगी-मिरची तरी जगावी म्हणून ही पावडर घरोघर वाटायचे घाटत होते. संध्याकाळी बैठक होती. पंडितराव म्हणतील ते होणार होते, कारण मोजल्याशिवाय ते काही म्हणत नाहीत असा गावाचा अनुभव होता.

सोसायटीचा सचिव धोंडीराम वाट वाकडी करून निकाल विचारायला आला. कुंड्या पाहून त्याने टोपी मागे सारली.

"सर, खुराकावरची मरायली आन् बिनखुराकाची बाळसं धरायली. ही कावून हिरवी हाय?"

पंडितरावांनी एकेक कारण मांडले आणि खोडले. खालून ओल लागावी, तर कुंडी शहाबादी फरशीवर होती. दव पडायचे दिवस नव्हते. पावडर विषारी म्हणावी, तर पहिले चार-पाच दिवस दोन्ही रोपे सारखीच होती. राहता राहिला माणसाचा हात. त्यासाठी चार दिवसांपूर्वी त्यांनी दोन्ही कुंड्यांभोवती चाळलेली राख पसरली होती. तिच्यावर पावले उमटली ती फक्त त्यांच्या स्वतःच्या चपलांची. ती त्यांनी धरली नाहीत. निरीक्षण करायचे तर जवळ जावेच लागते.

"मग काकूंनाच इचारा," धोंडीराम हसत म्हणाला. "बाईमाणसाला तहानलेलं झाड बघवत न्हाई."

केशरबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. हे त्यांना विचारून झाले होते. राख पसरण्याच्या आदल्या दिवशी पंडितरावांनी, आवाज न चढवता, घातलं असशील तर सांग, असे म्हटले होते. त्यांनी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी नवरा अंगणात बसून पिठाच्या चाळणीने राख चाळताना त्यांनी पाहिला, आणि एकेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले.

त्यांनी आतूनच पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"त्या दिसापसून मी मागल्या दारानं येजा करायलेय, धोंडीराम. ह्यांचा राखेवर इस्वास हाय, माणसावर न्हाई."

धोंडीरामाचे हसू ओसरले. तो घोट-दोन घोट पाणी प्यायला आणि त्याने तांब्या खाली ठेवला. विषय बदलावा म्हणून पंडितराव त्याला मातीतली ओल वर कशी चढते ते समजावून सांगू लागले. बोलता बोलता त्यांनी तांब्या उचलला, उरलेले पाणी शेजारच्या मिरचीच्या बुडाशी ओतले, तांब्या पालथा घालून ठेवला आणि पुढचे वाक्य सुरू केले.

ते वाक्य पुरे झाले नाही. धोंडीराम कुंडीकडे पाहत होता.

"आता हे कुणी घातलं?" केशरबाईंनी विचारले.

पंडितरावांनी वाकून माती पाहिली. ओली होती. मग ते मनाशी मागचे दिवस मोजू लागले. सकाळची गोळी घेतल्यावर उरलेले पाणी. चहाआधी प्यायलेल्या पाण्याचा तळ. आल्यागेल्याने अर्धा पिऊन ठेवलेला तांब्या. उरले पाणी फेकायचे नाही, हाताशी असेल त्या झाडाला घालायचे, हे त्यांच्या आईने त्यांना चालता येण्याआधी शिकवले होते. या खुर्चीवरून हात पोचेल असे झाड एकच होते.

"बैठकीत काय सांगू, सर?" धोंडीरामाने हळूच विचारले.

"प्रयोग बाद झाला म्हणून सांग. पावडरीबद्दल आज काहीही म्हणता येणार नाही, चांगले नाही आणि वाईटही नाही. पुन्हा अकरा दिवस लागतील."

तो गेल्यावर पंडितरावांनी वही उघडली आणि सातव्या दिवसाचे पान काढले. तिथे त्यांच्या ठाशीव अक्षरात नोंद होती: "बाहेरून पाणी मिळत असावे. संशय: केशरबाई." उंबऱ्यातून दिसेल अशी त्यांनी वही धरली, त्या नावावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिले:

"कुंडी क्रमांक दोनला पहिल्या दिवसापासून रोज साधारण अर्धा तांब्या पाणी मिळत होते. पाणी घालणारा: निरीक्षक."