पाच घरांची कुंची

"जुनाच तुकडा दे शालू. मारुतीच्या अंगावरनं उतरलेला," कस्तुराबाई दारातूनच म्हणाली.

तिची दोन लेकरं पाठोपाठ गेली होती. आता पाळण्यात तिसरं, आठ दिवसांचं. धडधाकट पोर असलेल्या पाच घरांतून चिंध्या मागायच्या, त्यांचे चौकोनी तुकडे जोडून कुंची शिवायची, म्हणजे बाळ तगतं, असं वडिवळ्यातल्या बाया मानत. चार घरांतून चिंध्या मिळाल्या होत्या. पाचवं घर जिवाभावाच्या मैत्रिणीचं.

शालूबाई "उद्या देते" म्हणाली खरी, पण तिच्या काळजात चर्र झालं. चिंधीबरोबर देणारीच्या पोराचं आयुष्यही जातं, असं त्याच बाया म्हणत. मारुती तिचा एकुलता एक. आणि नाही तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तिनं कामशेतहून वीतभर तांबडं कापड आणलं, दगडावर आपटून आपटून धुतलं, कडा कुरतडल्या आणि कस्तुराबाईच्या हातात ठेवलं. कस्तुराबाईनं ते दोन बोटांत चोळलं, डोळ्यांना लावलं. शालूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारशाला ती गेलीच नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. त्या कुंचीकडं बघायची तिची छाती नव्हती. पुढं दोन महिने ती पाण्यालाही वाट बदलून जायची.

दिवाळीच्या तोंडावर मानमोडीची साथ आली. घरटी माणूस गेलं. मारुती तीन दिवस तापात होता, चौथ्या दिवशी सकाळी गेला. कस्तुराबाईच्या बाळाला मात्र साधी शिंकही आली नाही.

पंधरा दिवसांनी शालूबाईनं कस्तुराबाईच्या घरी जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. बाजारातल्या कापडाचं सगळं सांगितलं.

"मी तुला फसवलं, म्हून देवानं माझं पोर नेलं," ती म्हणाली.

कस्तुराबाईनं तिला उठवून जवळ बसवलं.

"ते मनाला लावून घेऊ नगंस. कापड कोरं हाय, हे मला तवाच कळलं. म्या ते लावलंच न्हाई."

"मग पाचवी चिंधी कुणाची?"

"तुज्या कुंपणावर मारुतीचा सदरा वाळत हुता. त्याच्या आतल्या दुमडीतनं चार बोटं कापून नेली."